आई, घर थांबव

"आली! आली गं! देवी आली!"

माई ओरडल्या, तशा खोलीतल्या सगळ्या बायकांनी घागरी फुंकायच्या थांबवून हात जोडले. मीही जोडले, सवयीनं. आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला, की अगं बाई, मी तर चांगली माझ्या पायांवर उभी आहे! आमच्या घरात देवी यायची ती माझ्या अंगात. मग आता ही आली कुणाच्या?

मृण्मयीच्या. माझ्या लेकीच्या. नुकतंच तेरावं लागलेली पोर भिंतीला पाठ लावून खाली घसरली होती. हातातली घागर गडगडत चौरंगापर्यंत गेली होती, आणि माझ्या सासूबाई, म्हणजे माई, तिच्या कपाळाला मूठभर कुंकू फासत होत्या.

ज्यांच्याकडे ही पद्धत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे आश्विनातल्या अष्टमीला महालक्ष्मी उभी करतात. तांदळाच्या उकडीचा मुखवटा, त्याला साडी नेसवायची, दागिने घालायचे. दिवसभर उपास. संध्याकाळी आरती झाली की धुपावर धरलेली घागर दोन्ही हातांत घ्यायची आणि तिच्या तोंडावर फुंकर घालत, घुमवत नाचायचं. खोलीत धूर, कापूर, वीस-पंचवीस बायका आणि तो घूं घूं आवाज. फुंकता फुंकता एखादीच्या अंगात येतं. मग तिला प्रश्न विचारायचे आणि तिनं उत्तर द्यायचं.

सांगलीच्या बिवलकरांकडे ही एखादी म्हणजे मी, वैजयंती. कुरुंदवाडच्या पोस्टमनची पोरगी. एरवी माझी किंमत काय होती? आमटी पातळ झाली तर वैजू, गच्चीवरचे पापड भिजले तर वैजू. पण अष्टमीला त्याच बायका माझ्यापुढे नारळ घेऊन रांगेत उभ्या राहायच्या. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं. वर्षभराचं सगळं त्या एका संध्याकाळी फिटायचं.

म्हणून त्या दिवशी पहिल्यांदा मला काय वाटलं असेल? अभिमान वाटला! माझी लेक, देवीनं निवडलेली! मी पुढे झाले, तिच्यासमोर बसले आणि तिचे डोळे पाहिले.

तिची बुबुळं जागेवर नव्हती. हळूहळू एका बाजूला सरकायची, झटक्यानं परत यायची, पुन्हा सरकायची. चेहरा पांढराफटक, वरच्या ओठावर घाम. दोन्ही हातांनी तिनं जमीन धरून ठेवली होती.

"आई," ती पुटपुटली, "घर थांबव ना गं. आई, घर थांबव."

 हे वाक्य माझं होतं. दरवर्षी मनातल्या मनात मी हेच म्हणायचे. अगदी हेच शब्द. कुणाला कधी सांगितले नव्हते. मला वाटायचं, देवी येते तेव्हा असंच होत असणार. एवढी मोठी शक्ती अंगात शिरते, तर घर फिरणारच की! मी डोळे मिटून घ्यायचे आणि कोणी काही विचारलं की मान हलवायचे, लवकर संपावं म्हणून.

"व्हा बाजूला," म्हणत आत्याबाई पुढे आल्या. आत्याबाई म्हणजे आमच्या ह्यांच्या आत्या, माईंच्या नणंद. घरातलं शेवटचं वाक्य कायम त्यांचं. त्यांनी मृण्मयीच्या मांडीवर नारळ ठेवला. "आई जगदंबे, आमच्या प्रसादचं अमेरिकेचं होईल का?"

मृण्मयीनं तोंड उघडलं आणि आत्याबाईंच्या नव्याकोऱ्या नारायणपेठीवर ओकली.

"पोरीनं उपास मोडला असेल," कुणीतरी म्हणालं.

"काहीही नाही हं," मी म्हणाले. "सकाळपासून पाण्याशिवाय काही घेतलं नाही तिनं. पहिलाच उपास आहे तिचा."

"मग कडक देवी आहे," माई घाईघाईनं म्हणाल्या. "पहिल्या वेळी असं होतं. वन्सं, उद्या या दुपारी. ती शांत झाली की ओटी भरू, तेव्हा विचारा."

मला वाटलं, माई तिला वाचवताहेत. पण त्यांनी सगळ्यांकडे वळून सांगितलं, "सगळ्याच या. आमच्या घराण्यात दुसरी पिढी उभी राहिली."

मृण्मयीला मी आत नेऊन निजवलं. मान जरा हलली तरी ती रडायची. दिवा नको, पंख्याचा आवाज नको. ह्यांनी, म्हणजे माईंच्या शिनूनं, दारातून डोकावून पाहिलं.

"अहो," मी विचारलं, "माझेही डोळे असेच होतात? असे सरकतात?"

"हो की," हे म्हणाले. "देवी असते ना तेव्हा."

इतक्या वर्षांत मला हे कुणी सांगितलं नव्हतं. आपला चेहरा आपल्याला कुठे दिसतो? त्या दिवशी मला माझा चेहरा माझ्या लेकीच्या तोंडावर दिसला. तो देवीचा नव्हता. आजारी माणसाचा होता.

सकाळी मी कुणाला न विचारता रिक्षा बोलावली. माई अंगणात तुळशीला पाणी घालत होत्या.

"कुठे निघालीस?"

"मिरजेला. दवाखान्यात."

"देवीला दवाखान्यात नेतेस?"

"मुलीला नेते," मी म्हणाले. माझा आवाज इतका वर गेला की रिक्षावाल्यानं मान वळवून पाहिलं. "दुपारच्या आत येते. तोवर कुणाला काही कबूल करू नका."

 माईंच्या हातातला तांब्या कधीच रिकामा झाला होता, तरी त्या तो तुळशीवर धरून उभ्या होत्या.

मिरजेला कान-नाक-घशाच्या डॉक्टर होत्या, मगदूम बाई म्हणून. कुणी ओळखीनं सांगितल्या होत्या. पन्नाशीच्या, आखूड केसांच्या. त्यांनी मृण्मयीला सावकाश आडवं केलं, मान इकडे-तिकडे करून डोळे पाहिले, ऐकण्याची तपासणी करवून घेतली, चालायला लावलं. मग तिला शेजारच्या खोलीत अंधार करून निजवलं आणि माझ्यासमोर येऊन बसल्या.

"कानानं ऐकायला छान येतंय. ही चक्कर आधी कधी आली होती?"

"शाळेच्या सहलीला घाटात उलट्या झाल्या होत्या. आणि उन्हाळ्यात पाळी सुरू झाली तेव्हा एकदा आडवी पडली होती. आम्ही म्हटलं, पित्त."

"पित्त," डॉक्टर म्हणाल्या. "आपल्याकडे निम्मे आजार पित्तात जातात. घरात कुणाला अर्धशिशी आहे? तुमचं डोकं दुखतं?"

"छे! डोकं कधी दुखत नाही माझं. माझ्या अंगात देवी येते."

त्या हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर मी उठून गेले असते, एवढा तोरा तेव्हाही होता मला.

"देवी यायच्या आधी काय होतं?"

"डावा कान भरून येतो, पाण्यात बुडी मारल्यासारखा. उजेड सहन होत नाही. धुपाचा वास नकोसा होतो. आणि मग खोली फिरायला लागते. मी फिरत नाही हो, खोली फिरते. डोळे मिटले तरी थांबत नाही."

"किती वेळ?"

"कधी तासभर, कधी दुसऱ्या दिवसापर्यंत."

"आणि हे फक्त अष्टमीलाच होतं?"

मी हो म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. धाकट्या दिराच्या लग्नात दोन रात्री जागरण झालं, तेव्हा झालं होतं. घराला रंग दिला तेव्हाही. पाळीच्या आदल्या दिवशी तर किती वेळा. तेव्हा बघायला कुणी नव्हतं, घागर नव्हती, कुंकू नव्हतं. मी गुपचूप चादर ओढून पडायचे आणि उठून पोळ्या लाटायचे.

"नाही," मी म्हणाले. "इतर वेळीही होतं."

डॉक्टर पुढे वाकल्या. "वैजयंतीबाई, हे सगळं तुम्ही अगदी मुलीचं सांगितल्यासारखं सांगितलंत. तिनंही मला आत्ता असंच सांगितलं. तोल सांभाळणारा भाग आतल्या कानात असतो. आणि अर्धशिशी म्हणजे नुसतं डोकं दुखणं नव्हे. ज्या नसा अर्धशिशीत बिथरतात, त्यांचा आतल्या कानाशी आणि मेंदूतल्या तोल सांभाळणाऱ्या जागेशी संबंध असतो. काहीजणांच्या बाबतीत सगळा जोर तिकडेच जातो. डोकं दुखतसुद्धा नाही, पण घर फिरतं. उलट्या होतात, डोळे सरकतात. पुष्कळदा हे आईकडून मुलीकडे येतं."

"म्हणजे मला अर्धशिशी आहे?"

"मला तसं वाटतं. तुमचीही तपासणी करू. उपाशी राहिलं, जागरण झालं, धूर झाला, मोठा आवाज झाला, पाळी जवळ आली, की हे उसळतं."

"डॉक्टर," मी म्हणाले, "तुम्ही तर आमच्या अष्टमीची तयारी सांगताय!"

आता त्या जराशा हसल्या. मला मात्र हसू येईना.  आयुष्यात एकच गोष्ट मला अशी मिळाली होती, जी दुसऱ्या कुणाकडे नव्हती. ती गोळीनं बरी होण्यासारखी निघाली.

"हे बरं होतं?"

"ताब्यात राहतं. वेळेवर खाणं, वेळेवर झोप, गरज पडली तर औषध. पण एक सांगते. लोक तिच्या पाया पडायला लागले, तर ती औषध घेईल का?"

 औषधं घेतली आणि निघाले. रिक्षात मृण्मयी माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती.

"आई, मला पुन्हा देवी म्हणून नाही ना बसवणार? मला काहीच येत नाही सांगायला."

"नाही बसवणार."

"आजीनं बसवलं तर?"

"मी आहे ना?" मी म्हटलं खरं, पण माझं मलाच खरं वाटत नव्हतं. सकाळचं सोडलं तर त्या घरात मी माईंना आजवर उलटून बोलले नव्हते.

घरी पोचलो तर दारात चपलांचा ढीग. आत चौरंग मांडलेला, भोवती रांगोळी, खण-नारळ. कालच्या सगळ्या होत्या, शिवाय चार नव्या. मध्यभागी आत्याबाई, आज धुवट साडीत. मी काही बोलायच्या आत दोघींनी मृण्मयीला धरून चौरंगावर बसवलंसुद्धा. पोर माझ्याकडे बघत राहिली.

मी सरळ स्वयंपाकघरात गेले. माई नैवेद्याचं ताट वाढत होत्या.

"माई, ती देवी नाही. आजार आहे तो. कानातली अर्धशिशी म्हणतात. मलाही तीच आहे. इतकी वर्षं मी आजारी पडत होते आणि तुम्ही सगळ्या हात जोडत होता!"

"हळू बोल."

"का हळू?"

"बाहेर वन्सं आहेत."

"असू देत की! तुम्ही त्यांना सांगा, नाहीतर मी सांगते."

"काय सांगणार आहेस?" माईंनी ताट खाली ठेवलं. "पोरीला झटके येतात म्हणून सांगणार? उद्या तिचं लग्न व्हायचंय."

"तेरा वर्षांची आहे ती!"

"म्हणूनच म्हणते. एकदा नाव पडलं की पुसत नाही. देवी म्हणाले लोक तर मान देतील. आजार म्हणाले तर काय देतील?"

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी बाहेर आले. आत्याबाई मृण्मयीच्या मांडीवर नारळ ठेवत होत्या. मी तो उचलून बाजूला ठेवला.

"हिच्या अंगात देवी नाही. हिला आजार आहे. आत्ताच डॉक्टरकडून आले. औषध चालू केलंय. आणि माझ्याही अंगात कधी देवी नव्हती. मलाही हाच आजार आहे."

 पहिल्या बोलल्या त्या आत्याबाईच.

"घ्या! मी म्हटलंच होतं. पहिल्याच वर्षी म्हटलं होतं, हिला फेफरं आहे. आजार लपवून मुलगी गळ्यात मारली. तेव्हा माझं ऐकलं नाहीत, आता पोरीत उतरलं."

"फेफरं नाही ते," मी म्हणाले. "डॉक्टरांनी सांगितलं की—" आणि मी थांबले. "पहिल्या वर्षी? पहिल्या वर्षी काय म्हटलं होतं तुम्ही?"

 आत्याबाई माझ्या मागे बघत होत्या. मागे माई उभ्या होत्या, हातात वरणाचा डाव घेऊन.

"मी सांगते काय म्हणाल्या," माई म्हणाल्या. "तू याच खोलीत पडलीस. लग्नाला सहा महिनेसुद्धा झाले नव्हते. तू जमिनीवर, डोळे असे फिरलेले. वन्सं म्हणाल्या, फेफरं आहे, फसवलं आपल्याला, उद्याच्या गाडीनं कुरुंदवाडला परत पाठवा. शिनूचे वडील दारात उभे होते, त्यांनी मान डोलावली. शिनूनं खाली बघितलं. तुझे वडील हृदयविकारानं अंथरुणावर होते तेव्हा. तू परत गेली असतीस तर ते दुसऱ्या दिवशी गेले असते."

"माई—"

"थांब. मला बोलू दे, पुन्हा नाही बोलता यायचं." त्यांनी हातातला डाव खाली ठेवला. "मला दुसरं काही सुचलं नाही. मी कुंकवाचा करंडा उचलला, तुझ्या कपाळाला फासलं आणि ओरडले, देवी आली. वन्सं, सगळ्यांत आधी तुम्ही हात जोडलेत. आठवतंय? देवीला कुणी माहेरी पाठवत नाही."

मी खाली बसले. मला आठवत होतं ते एवढंच, की डोळे उघडले आणि सगळ्या हात जोडून उभ्या. मला वाटलं होतं, देवीनं मला निवडलं. मला निवडलं होतं या बाईनं, जिला मी वर्षभर मनातल्या मनात शिव्या घालायचे.

"म्हणजे तुम्ही देवाच्या नावानं खोटं बोललात?" आत्याबाई म्हणाल्या.

"बोलले. आणि काल पुन्हा बोलले, नातीसाठी. देवीचं आणि माझं मी बघून घेईन."

"मग आमच्या प्रसादचं—"

"ते प्रसादला विचारा."

माईंनी मृण्मयीला हाताला धरून चौरंगावरून उठवलं. "ऊठ गं. तोंड धू. भूक लागली असेल."

एकेक बाई उठली. कुणी माझ्याकडे पाहिलं नाही. आत्याबाई जाताना उंबऱ्यात थांबल्या, काहीतरी शोधल्यासारखं केलं, मग चपला घालून गेल्या. पुढे दोन वर्षं त्यांनी आमच्या घरात पाऊल टाकलं नाही, आणि गावात काय काय पसरलं ते वेगळं सांगायला नको. मृण्मयीला फार ऐकावं लागलं. पण ती औषध घेत राहिली.

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. माझ्या मनाचं काय झालं होतं ते आज इतक्या वर्षांनीही मला नीट सांगता येत नाही. माईंना मिठी मारावीशी वाटत होती आणि त्याच वेळी त्यांना गदगदा हलवावंसंही वाटत होतं. माझा संसार त्यांनी वाचवला होता. आणि त्याच हातांनी मला पंधरा वर्षं औषधाविना ठेवलं होतं.

"माई, मला एकदा तरी सांगायचंत. नंतर कधीतरी. एखाद्या डॉक्टरकडे तरी न्यायचंत."

त्या पाटावर बसल्या. मृण्मयीचं ताट त्यांनी जवळ ओढलं.

"डॉक्टर फेफरंच म्हणाला असता तर?" त्या म्हणाल्या. "मला दोनच गोष्टी माहीत होत्या गं, वैजू. फेफरं, नाहीतर देवी. तिसरं काही असतं हे कुणी कधी सांगितलंच नाही. त्या दोनांतली बरी ती मी उचलली."

मग त्यांनी ताटात भात वाढला, त्यावर वरण घातलं आणि मृण्मयीला हाक मारली.